पूर्वेचा पत्ता

मरोळचा पत्ता परगावच्या पाहुण्याला सांगायचा झाला तर तो असा होतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत या. पश्चिम रेल्वेच्या अंधेरी स्टेशनात उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडा आणि पूर्वेकडेच जात राहा. साकीनाका आला म्हणजे समजा की मरोळ मागे राहिलं. तसेच आणखी पूर्वेला गेलात तर घाटकोपर पश्चिम लागेल. पाहुण्याला हे ऐकून घेरी आली तरी यातलं एकही विधान खोटं नाही. प्रत्येक ‘पूर्व’ आणि प्रत्येक ‘पश्चिम’ आपापल्या जागी बरोबर आहे. त्या जागा मात्र वेगवेगळ्या आहेत.

दिशांच्या नावांवरचा हा छोटा लेखसंग्रह त्या वेगवेगळ्या जागांविषयी आहे. कोशात ‘पूर्व’ या शब्दाला दोन-चार ओळी पुरतात. सूर्य उगवतो ती दिशा. आधीचा, पहिला, पुढचा. दुसरा अर्थ पहिल्याला बिलगून का आला, हे मात्र कोश सहसा सांगत बसत नाही. शाळेत मुलांना उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करतात आणि समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण, डाव्या हाताला उत्तर असं घोकून घेतात. हा धडा शाळेपेक्षा पुष्कळ जुना आहे. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे समोरचा, आधीचा. ‘पश्चिम’ हा ‘पश्चात्’च्या घरातला, म्हणजे मागचा. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात ते उगीच नाही. दिशांची ही नावं सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका माणसाच्या अंगावरून पडली आहेत. म्हणूनच आपले पूर्वज पूर्वेकडून आलेले असण्याची गरज नसते, पूर्वतयारीला होकायंत्र लागत नाही आणि जे आधी कधी झालं नव्हतं ते अपूर्व ठरतं. ‘दख्खन’ हे नावही याच अंगातून निघालं. उत्तरेत उभं राहून ज्याने पूर्वेकडे तोंड केलं, त्याच्या उजव्या हाताचा हा मुलूख. आपण स्वतःला अभिमानाने दख्खनी म्हणवतो तेव्हा नकळत त्याच्या जागी जाऊन उभे राहतो.

दिशेच्या शब्दाला बोलणारा लागतो आणि त्या बोलणाऱ्याला उभं राहायला जागा लागते. दिशेचं नाव ऐकलं की सूर्य कुठे आहे एवढंच कळत नाही, नाव ठेवणारा कुठे उभा होता हेही कळतं. माझा सगळा रस या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि ती तपासायला मरोळइतकं सोयीचं गाव मला दुसरं माहीत नाही.

उपनगरी मुंबईत बोलणारा उभा असतो रुळांवर. १८६७च्या एप्रिलमध्ये बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सोडली तेव्हा साष्टी बेटावरच्या गावांना एकमेकांपासून तोडायचा कुणाचा विचार नसणार. पण दक्षिणोत्तर रूळ पडले आणि प्रत्येक स्टेशनाला दोन बाजू फुटल्या. पुढे वस्ती वाढली, पत्ते आले, आणि बाजूंची नावं गावांच्या नावांना कायमची चिकटली. मरोळ हे स्वतःची शेती, स्वतःचं गावठाण आणि स्वतःची देवळं-चर्चं असलेलं गाव. ते अंधेरीचा भाग कधीच नव्हतं. तरी टपालात ते ‘मरोळ, अंधेरी (पू.), मुंबई ५९’ झालं, आणि १९७२च्या १५ ऑगस्टला पिनकोड आले तेव्हा तोच ५९ आकडा ४०००५९च्या शेपटीत जाऊन बसला. पत्त्यातल्या या कंसाविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. मराठीत ‘(पू.)’ आणि ‘(प.)’ यांत फक्त एका उकाराचा फरक आहे. घाईघाईत लिहिणाऱ्याची पेन्सिल जरा उचलली गेली की पाकीट रुळांच्या पलीकडे. इंग्रजीत निदान अक्षरं तरी वेगळी आहेत.

महापालिकेनेही हाच हिशोब पुढे चालवला. विभागांची नावं के-पूर्व आणि के-पश्चिम, एच-पूर्व आणि एच-पश्चिम. मेट्रो आली तेव्हा तर कंसातली दिशा थेट फलकावर चढली. दहिसर पूर्व, गोरेगाव पूर्व, जोगेश्वरी पूर्व ही आता स्थानकांची पूर्ण नावं आहेत, आणि दुसऱ्या मार्गाचं शेवटचं स्थानक नुसतं ‘अंधेरी पश्चिम’ आहे. हे लक्षात घेण्याजोगं आहे, कारण त्याआधी मुंबईच्या मराठीने एक फार शहाणी वाटणी करून ठेवली होती. स्टेशनची बाजू सांगायची तर ‘ईस्ट’, आभाळातली दिशा सांगायची तर ‘पूर्व’. “ईस्टला ये, तिकीटघरापाशी उभा आहे,” असं आपण फोनवर सांगतो. सूर्य ईस्टला उगवतो असं कुणी म्हणत नाही. रिक्षावाल्याला “वेस्टला येणार का?” असं विचारतात, ‘पश्चिमेस’ असं विचारलं तर तो मीटर टाकायच्या आधी आपल्याकडे नीट बघून घेईल. भाषाशुद्धीवाल्यांना हा ‘ईस्ट’ खुपतो. मला तो उपयोगाचा वाटतो. रुळांनी जन्माला घातलेल्या अर्थाला मुंबईकराने रुळांबरोबर आलेल्या भाषेतलाच शब्द दिला आणि ‘पूर्व’ सूर्यासाठी राखून ठेवला. सरकारी फलकाने ही वाटणी पुसली. तोटा मोठा नाही, पण झाला आहे.

रुळांची पूर्व आणि सूर्याची पूर्व वांद्र्यापासून दहिसरपर्यंत साधारण जुळते, म्हणून हे खपून गेलं. मध्य रेल्वेने ठाणं ओलांडल्यावर रूळ वळतात आणि शब्द मात्र वळत नाहीत. नकाशा उघडून डोंबिवली पाहा. तिथले रूळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात, तेव्हा फडके रोडची प्रसिद्ध ‘डोंबिवली पूर्व’ खरं पाहता आग्नेयेला आहे आणि ‘पश्चिम’ वायव्येला. डोंबिवलीकराला याचं काही वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही. त्याच्या लेखी पूर्व म्हणजे पुलाची एक बाजू.

या बाजूंना मग माणसांचे रंग चढतात. पश्चिम रेल्वेवर ‘वेस्ट’ म्हणजे समुद्राकडची, भाव असलेली बाजू आणि ‘ईस्ट’ म्हणजे कारखाने, सरकारी वसाहती, टेकड्या, विमानतळ असा एक समज आहे. मरोळपुरता तो खराही होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि मरोळच्या अंगणात औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हापासून कित्येकांच्या तोंडी मरोळचं दुसरं नाव ‘एमआयडीसी’ झालं. पण अंधेरीच्या पुढच्याच स्टेशनाला, विलेपार्ल्याला जा. तिथे ‘पार्ले ईस्ट’ म्हणताना मराठी माणसाचा आवाज किंचित वर चढतो, कारण १९२३ सालचा लोकमान्य सेवा संघ पूर्वेला आहे, आणि त्या पाठोपाठ व्याख्यानं, नाटकं, दिवाळी अंक हे सगळं ओळीने येतं. मध्य रेल्वेवर घाटकोपरला तर उलटाच प्रकार. तिथे डोंगरउतारावरच्या दाट वस्त्या पश्चिमेला आणि ऐसपैस सोसायट्या पूर्वेला. म्हणजे ‘पूर्व’ या शब्दाला स्वतःची श्रीमंती नाही आणि गरिबीही नाही. स्टेशनागणिक तो नवी कमाई करतो.

या दोन रेल्वेंच्या मधल्या पट्ट्यात मरोळ आहे, आणि गंमत इथेच शिगेला पोहोचते. पश्चिम रेल्वेची पूर्व आणि मध्य रेल्वेची पश्चिम एकाच जमिनीवर येऊन भेटतात. साकीनाक्यापर्यंत अंधेरी पूर्व, पुढे असल्फ्याला घाटकोपर पश्चिम. सीमेवर ना नदी ना भिंत. दुकानाच्या पाटीवरचा कंस बदलतो तेवढंच. २०१४च्या जूनमध्ये वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. मरोळ नाक्याहून घाटकोपरच्या गाडीत बसलं की पंधरा मिनिटांच्या आत माणूस पूर्वेकडे प्रवास करत पश्चिमेला पोहोचतो. पृथ्वी गोल असल्याचा इतका स्वस्त पुरावा इतरत्र मिळायचा नाही. पश्चिम द्रुतगती महामार्ग सबंधच्या सबंध पूर्वेला का, याचं उत्तरही असंच आहे. तो रुळांच्या पूर्वेला आहे, पण त्याला नाव देणाऱ्याने रूळ पाहिलेच नाहीत. त्याच्यासमोर अख्खी साष्टी होती आणि शेजारी पूर्व द्रुतगती महामार्ग होता. ‘पश्चिम रेल्वे’तली पश्चिम त्याहून लांबची. १९५१च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या कंपन्या आणि संस्थानी रेल्वे मिळून हे नाव ठेवलं गेलं, तेव्हा नाव ठेवणारा दिल्लीत उभा राहून देशाचा नकाशा पाहत होता. एका पत्त्यात असे तीन-तीन जण तीन ठिकाणी उभे असतात आणि टपाल तरीही पोहोचतं.

स्टेशनच्या दोन बाजू जोडणारा धागा तुटतो तेव्हा या शब्दांची धार कळते. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ला सगळा पूलच बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी एक बाजू उघडली, तेव्हा बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जमेना, आणि शहरभर हसू झालं. त्या काळात अंधेरीत ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ ही जणू दोन गावं होती. मरोळहून पश्चिमेच्या दवाखान्यात किंवा कॉलेजात जाणाऱ्याला ते अंतर किलोमीटरांत सांगता येईना. तो तासांत सांगू लागला.

आता मरोळच्या खऱ्या पूर्वेकडे येतो. या गावठाणात चर्च रोडच्या आसपास जे जुने रहिवासी राहतात त्यांच्या जमातीच्या नावातच ही दिशा आहे. ते ईस्ट इंडियन. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, पिढ्यान्‌पिढ्या मराठीची एक बोली बोलणारे, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले साष्टी-वसईचे हे भूमिपुत्र. मरोळच्या त्यांच्या चर्चचं मूळ गावही इथलंच. १५७९ साली जेझुइटांनी शेजारच्या कोंदिवट्याला चर्च बांधलं. १८४० साली रोगाची साथ आली, गाव उठलं, आणि धर्मपीठ मरोळला हलवलं गेलं. तेच आजचं सेंट जॉन द इव्हॅन्जलिस्ट. जुन्या चर्चचे अवशेष आज ‘सीप्झ’ या निर्यात प्रक्रिया क्षेत्राच्या कुंपणाच्या आत आहेत. या सीप्झचा पहिला शब्द सांताक्रूझ आहे आणि ते आहे अंधेरीत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

तर पश्चिम किनाऱ्यावरची ही माणसं ‘पूर्वेची’ कशी झाली? पोर्तुगीज काळात त्यांना वेगळंच नाव होतं. पोर्तुगीजांची राजधानी गोव्याला. तिथून पाहिलं की चौल, वसई, दमण, दीव हा सगळा टापू उत्तरेला, म्हणून कागदोपत्री तो ‘उत्तर प्रांत’, आणि तिथले लोक ‘नोर्तेरो’, म्हणजे उत्तरेकडचे. साष्टीच्या शेतकऱ्याने आपण उत्तरेला राहतो असं कधी म्हटलं नसेल. ते गोव्याने म्हटलं. १७३७ साली साष्टी मराठ्यांकडे आली, दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि उत्तर प्रांत संपला. नावाचं टोक ज्या गोव्याला बांधलं होतं ते सुटलं. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत रेल्वे, गोदी, कचेऱ्या वाढल्या आणि गोव्याहून व मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी येऊ लागले. नावं सारखी, धर्म एक, आणि इंग्रज साहेबाच्या दप्तरात सगळेच ‘पोर्तुगीज’. इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांना हा शिक्का जाचू लागला. आपण इंग्रज सरकारचे मुंबईतले जुने प्रजाजन, परक्या राज्यातून आलेले नाही, हे नोकरी देणाऱ्याला एका शब्दात सांगायला हवं होतं. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली. तो मुहूर्त साधून त्यांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारं, आणि त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. कंपनी तेव्हा शिल्लकही नव्हती. तिचं राज्य १८५८ साली गेलं होतं आणि १८७४ साली ती कायद्यानेच विसर्जित झाली होती.

आता या नावातली पूर्व कुणाची ते पाहा. १६००च्या अखेरीला लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद मिळाली तेव्हा त्यांच्या लेखी हिंदुस्थान, जावा, मसाल्याची बेटं हे सगळं ‘ईस्ट इंडीज’ होतं, कारण कोलंबसाच्या गोंधळामुळे दुसऱ्या बाजूला ‘वेस्ट इंडीज’ तयार झालं होतं. म्हणजे मरोळच्या एका घराला गोव्यातून पाहिल्यावर उत्तर मिळाली आणि लंडनहून पाहिल्यावर पूर्व. घर जागचं हललं नाही. पण दोन्ही नावांत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पहिलं नाव ठेवलेलं होतं, दुसरं निवडलेलं. लंडनची पूर्व त्यांनी आपल्या गरजेसाठी उचलली, अंगाला बसवली, आणि साम्राज्य गेल्यानंतरही सोडली नाही. आज ईस्ट इंडियन म्हटलं की बाटली मसाला, फुगे, लुगडं, लग्नातलं उंबराचं पाणी आणि गावठाणाच्या जमिनींचा लढा आठवतो. लंडन कुणाला आठवत नाही. या नावाचं ‘पूर्व भारतीय’ असं भाषांतर करून पाहा. क्षणात बंगाल-ओडिशा डोळ्यांपुढे येतात आणि मरोळ नाहीसं होतं. जे आडनावाचं, तेच जमातीच्या या नावाचं. त्याला हात लावायचा नसतो.

जगात ही गोष्ट नवी नाही. जपान स्वतःला ‘निप्पोन’, सूर्याचं मूळ, म्हणतो. पण सूर्य जपानच्या बाजूने उगवताना दिसतो तो चीनमधून. मोरोक्कोपर्यंतच्या मुलखाला अरब ‘मगरिब’ म्हणाले, मावळतीचा देश. तोच शब्द मरोळच्या मशिदीत रोज सूर्यास्ताच्या नमाजला वापरतात. मक्का मरोळच्या पश्चिमेला म्हणून इथे पश्चिमेकडे तोंड होतं. तुर्कस्तानात ते दक्षिणेकडे होतं. आणि सगळ्यांत मजेचा शब्द आपल्या रोजच्या वर्तमानपत्रात आहे: ‘मध्यपूर्व’. मरोळच्या कित्येक घरांतली माणसं दुबई-कुवेतला कामाला गेली. सहारच्या विमानतळावरून उडालेलं विमान समुद्रावरून पश्चिमेला जातं आणि ‘मध्यपूर्वेत’ उतरतं. दिल्लीच्या सरकारी भाषेने ‘पश्चिम आशिया’ हे नाव धरलं, बातमीदारांनी अजून पुरतं धरलेलं नाही. घरच्या बायकांनी हा वादच मिटवला होता. त्या म्हणतात, “नवरा आखातात आहे.” पाणी कुठे शिरलंय ते सांगितलं, दिशेचं लचांड नको.

घरच्या नकाशातही आपण लोकांच्या दिशा वापरतोच. ‘पश्चिम महाराष्ट्र’ म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि चक्क सोलापूर. खऱ्या पश्चिमेला, समुद्रकाठी, कोकण बसलेलं आहे, त्याला कुणी पश्चिम म्हणत नाही. राज्याच्या पूर्वेला विदर्भ आहे, पण ‘पूर्व महाराष्ट्र’ हा शब्द कुणी रुजवला नाही. विदर्भाला स्वतःचं जुनं नाव होतं, त्याला दिशेची उसनवारी करावी लागली नाही.

मरोळच्या दक्षिणेला असलेली विमानतळाची मुख्य धावपट्टी मात्र दिशेच्या बाबतीत काटेकोर आहे. तिच्या दोन टोकांवर ०९ आणि २७ हे आकडे रंगवलेले असतात. होकायंत्राच्या ९० आणि २७० अंशांतलं शेवटचं शून्य गाळलं की हे आकडे मिळतात. ९० म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. पण नीट पाहिलं तर पूर्वेकडच्या टोकावर २७ आहे. घाटकोपरवरून उतरत येणाऱ्या वैमानिकाचं नाक पश्चिमेकडे असतं, आणि आकडा त्याच्या नाकासाठी रंगवलेला आहे. जमीन कुठे आहे हे त्याला ठाऊकच असतं.

जमिनीची स्वतःची दिशा पाहायची तर जुनं खरेदीखत उघडावं. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता, उत्तरेस तमक्याचं घर. इथे बोलणारा त्या तुकड्याच्या मधोमध उभा आहे. त्याची पूर्व वीस पावलांवर संपते, आणि शेजाऱ्याच्या खतात तोच बांध पश्चिम होतो. गावठाणातल्या वादांत असे कागद अजून बाहेर निघतात. शेत गेलं, ओढा बुजला, तरी ‘पश्चिमेस ओढा’ हे शब्द कोर्टात उभे राहतात. त्याच्या शेजारी आजच्या जाहिरातीतला ‘पूर्वाभिमुख’ फ्लॅट ठेवून पाहावा. सातव्या मजल्यावरच्या दाराची दिशा पूर्व, त्या दारासमोर लिफ्ट, आणि त्या पूर्वेचे पैसे वेगळे. मला वास्तुशास्त्राशी भांडायचं नाही. पण ज्या पूर्वेतून सूर्य दिसत नाही तिला भाव येणं, हा या शब्दाच्या प्रवासातला सगळ्यांत अजब मुक्काम आहे.

शेवटी वाचकाच्या सोयीसाठी लेखनाविषयी थोडं. पुढच्या पानांत आभाळातली दिशा असेल तिथे ‘पूर्व’ लिहिलं आहे आणि स्टेशनची बाजू असेल तिथे, बोलण्याच्या रिवाजाला धरून, ‘ईस्ट’. मेट्रोच्या स्थानकांची आणि महापालिकेच्या विभागांची नावं फलकावर आहेत तशीच ठेवली आहेत. ईस्ट इंडियन हे नाव कुठेही भाषांतरित केलेलं नाही. ‘उगवत’ आणि ‘मावळत’ हे शब्द बोलणाऱ्यांच्या तोंडी आले तिथे त्यांना ‘पूर्व’-‘पश्चिम’ करून शुद्ध केलेलं नाही. जुन्या खतांतली दिशा जशी लिहिली आहे तशी दिली असून, बांध आता कुणाच्या बाजूला आहे याविषयी हे पुस्तक काही म्हणत नाही.